सी ड्राइव्हचा बांध कसा सरकवावा

हे मार्गदर्शन कुपवाड एमआयडीसीतल्या त्या मुलासाठी आहे, ज्याला कारखान्यात स्टोअर सांभाळायला घेतलं होतं, पण ज्यानं एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला आणि तेव्हापासून जो 'कंप्युटरचं बघतो'.

प्रथम सर्व्हर ओळखावा. अकाउंट्सच्या खोलीत, टेबलाखाली, जुन्या फायलींच्या गठ्ठ्याला टेकून जे काळं खोकं गरम हवा सोडतं, तो सर्व्हर. पुढच्या बाजूला खंडेनवमीचं हळदकुंकू असतं. ते पुसू नये. आत विंडोज सर्व्हर २००३ असतं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सांभाळ १४ जुलै २०१५ रोजी थांबवला, पण कारखान्याला तसं कुणी कळवलेलं नाही. त्यावर टॅली चालतं, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम चालतो आणि ज्यानं तो लिहिला तो माणूस आता पुण्यात असतो व फोन उचलत नाही.

सी ड्राइव्ह भरत आल्याची पहिली खूण म्हणजे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उगवणारा पिवळा फुगा. जागा २०० एमबीच्या खाली गेली की तो येतो. कुणीतरी फुलीवर क्लिक करतं, तो जातो, पुन्हा येतो. या अवस्थेत काही महिने निघतात. खरी हाक येते ती गेटवरून. माल भरलेली गाडी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि चलन छापून निघत नाही. कारण छपाईला निघालेला प्रत्येक कागद आधी सी ड्राइव्हवरच्या स्पूल फोल्डरात उतरतो आणि तिथे आता जागा नाही. सगळे प्रिंटरला शिव्या देतात. तुम्ही देऊ नये.

आता शेठकडे जावं. "चालतंय न्हवं? मग हात कशाला लावतोय?" हे उत्तर मिळेल. हा प्रश्न बिनबुडाचा नाही. वीस वर्षं चाललेल्या यंत्राला हात लावणारा माणूस धोकादायक असतो, आणि शेठनं आयुष्यात अशी बरीच माणसं पाहिलेली आहेत. म्हणून जागा वाढवण्याआधी काय भरलंय ते बघण्याची परवानगी मागावी. बघायला कुणी नाही म्हणत नाही.

काय सापडतं

विनडर्स्टॅट नावाचा एक छोटा मोफत प्रोग्रॅम सगळ्या फायली रंगीत चौकोनांत मांडून दाखवतो. सर्वात मोठा चौकोन बहुधा पेजफाइलचा निघतो. रॅम कमी पडली तर विंडोज जिथे ओझं उतरवतं, ती ही फाइल. तिनं २ ते ४ जीबी सहज अडवलेले असतात. ती डी ड्राइव्हवर हलवता येते, पण थोडी सीवर राहू द्यावी, नाहीतर निळा पडदा आलाच तर त्याची नोंद ठेवायलाही विंडोजला जागा उरत नाही.

मग विंडोज फोल्डरात निळ्या अक्षरांतली असंख्य फोल्डरं दिसतील, प्रत्येकाच्या नावात 'अनइन्स्टॉल'. जुन्या अपडेटा मागे घ्यायच्या झाल्या तर लागणारं हे सामान. २००९ ची अपडेट आज कुणी मागे घेणार नाही, तेव्हा ही काढली तरी चालतात, फक्त पुन्हा मागे फिरता येत नाही. सर्व्हरवर वेब सर्व्हर चालू ठेवलेला असेल, तर सिस्टिम३२ च्या पोटात लॉगफाइल्सचं फोल्डर वर्षानुवर्षं रोज एक फाइल जमवत बसलेलं सापडेल. ते कुणी सुरू केलं, का सुरू केलं, हे विचारू नये. दुपार जाईल.

तांत्रिक भाग इथे संपतो आणि डेस्कटॉप सुरू होतो. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरची जागा, असं अकाउंट्समधल्या काकांना वाटतं. तो सी ड्राइव्हच असतो हे त्यांना पटवून देणं हे या सबंध कामातलं सर्वात अवघड पाऊल. तिथे 'एक्साइज २०११', 'एक्साइज २०११ नवीन', 'एक्साइज २०११ नवीन फायनल' ही फोल्डरं असतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एक्साइजचे रिटर्न गेले, फोल्डरं राहिली. शेजारी पुतण्याच्या हळदीचा व्हिडिओ असतो. "तो असू दे," असं आतून, केबिनमधून ऐकू येतं. शेवटी रिसायकल बिन. सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्याचा कचरा वेगळा साठतो, त्यामुळे सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा कचराही कंपनीनं अद्याप जपलेला आढळेल.

माझं स्पष्ट मत असं की दहातले सात सर्व्हर इथेच बरे होतात. पण तुम्हाला मार्गदर्शन हवंय ते वाढवण्याचं, आणि ज्याचा सी ड्राइव्ह मुळातच १२ जीबीचा ठेवलाय त्याला झाडलोट किती दिवस पुरणार?

शेजारची जमीन

डिस्क हे एक शेत समजा. डाव्या हाताला सी, उजव्या हाताला डी. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत तिचा सात-बारा असतो. त्यातल्या ६४ बाइटांत चार नोंदी मावतात आणि कुठला तुकडा कुठून कुठवर, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सीला वाढायचं तर फक्त उजवीकडे, आणि तीही अगदी बांधाला लागून असलेली रिकामी जागा हवी. डीच्या पलीकडे ४० जीबी पडीक असले तरी सीला त्यांचा उपयोग नाही. मधे डी आहे, आणि विंडोजला डी हलवता येत नाही.

आणखी एक गुंता. डी पुष्कळदा एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या सामाईक गटाच्या आत असतो. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की गटाभोवती हिरवी कड दिसते. डी काढला तरी मोकळी झालेली जागा हिरवीच राहते, म्हणजे अजून गटाचीच. गट मोडल्यावर ती काळी होते. सीला काळी जागा लागते. हिरव्या जागेकडे बघत 'एक्स्टेंड का होत नाही' म्हणून डोकं धरून बसलेले चांगले चांगले लोक आहेत.

विंडोज सर्व्हर २००८ असेल तर तुमचं नशीब मोठं. राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, झालं. २००३ मध्ये डिस्कपार्ट ही आज्ञा डीला वाढवून देते, पण ज्या तुकड्यावर विंडोज स्वतः बसलंय त्याला साफ नकार देते. या अडचणीसाठी डेलनं एक्स्टपार्ट नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम काढला होता. दुसरी वाट जीपार्टेडची. यंत्र त्याच्या सीडीवरून सुरू करायचं, म्हणजे विंडोज झोपलेलं असताना बांध सरकवता येतो. जीपार्टेड डीला जागेवरून उजवीकडे ढकलूनही देतो, पण ढकलणं म्हणजे आतला सगळा माल उचलून पुढे ठेवणं. त्या अर्ध्या वाटेवर वीज गेली तर काय होतं, हे वेगळं सांगत नाही. म्हणून नवशिक्यानं डीचा माल बाहेर काढावा, डी मोडावा, सी वाढवावा, डी नव्यानं बांधावा आणि माल परत भरावा. वेळ जास्त जातो, झोप लागते. नव्या तुकड्याला अक्षर डीच द्यावं. फॉक्सप्रोच्या त्या प्रोग्रॅमला दुसरं कुठलंही अक्षर माहीत नाही.

बॅकअप

"दोन डिस्क हायत की आत," काका म्हणतील. रेड-१ मध्ये दोन डिस्का असतात हे खरं. त्यांचं काम एक मेली तर दुसरीनं गाडी चालू ठेवणं. तुम्ही डी पुसलात तर तो दोन्हींवर एकाच क्षणी, अत्यंत इमानदारीनं पुसला जातो. याला बॅकअप म्हणत नाहीत.

सबंध डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. यूएसबी २.० असेल तर ७२ जीबीला तासभर. यंत्र त्याहून म्हातारं, यूएसबी १.१ चं निघालं तर कागदोपत्री तेरा तास, प्रत्यक्षात मुक्काम. प्रतिमा घेतल्यावर ती उघडून एखादी फाइल बाहेर काढून बघावी. हे कुणीही करत नाही.

ती डिस्क कारखान्यात ठेवू नये. पण काका ती घरी नेतो म्हणाले तर घर कुठे आहे ते विचारावं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, सगळीकडे पाणी. तळमजल्यावरच्या कपाटात, पिशवीत गुंडाळून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच. काका तिसऱ्या मजल्यावर राहत असतील तर खुशाल द्यावा.

प्रत्यक्ष काम

साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्यावा, पण महावितरणनं त्याच दिवशी देखभालीसाठी वीज बंद ठेवलेली नाही ना, ते आधी बघावं. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते हे लेबलावर वाचू नये, प्लग काढून बघावं. हा प्रयोग सर्व्हर जोडून करू नये, पंखा जोडून करावा.

आधी चेकडिस्क चालवावी आणि विंडोज नीट बंद करावं. बटण दाबून मारलेल्या विंडोजचा तुकडा जीपार्टेड हातात घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. सीडी सुरू झाल्यावर डिस्कच दिसली नाही तर घाबरू नये, रेडचं कार्ड त्या सीडीच्या ओळखीचं नसतं. दुसऱ्या आवृत्तीची सीडी आणावी. दिसल्यावर सीचा उजवा काठ माउसनं धरून ओढायचा आणि अप्लाय दाबायचं. तीन मिनिटं. एवढ्यासाठी तुम्ही पंधरा दिवस धडपडत होता.

पुन्हा सुरू होताना विंडोज फिकट निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तपासणी करू लागेल. या वेळी शेठ हमखास मागे येऊन उभे राहतात. "गेलं का रं?" तपासणी चालू आहे, हे शांतपणे सांगावं आणि किबोर्डपासून हात लांब ठेवावेत. संपल्यावर टॅली उघडावं, पगार उघडावा आणि सर्वात महत्त्वाचं, एक चलन छापून बघावं.

बाहेरून बोलावलेले असाल तर बिलात 'सी ड्राइव्ह वाढवला' असं लिहू नये. "खोकं तर तेवढंच दिसतंय," यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. 'सर्व्हर देखभाल व दुरुस्ती' लिहावं, सेवेचा कोड ९९८७१३ टाकावा आणि जीएसटी नंबर असेल तर १८ टक्के वेगळे दाखवावेत. हे बिल मंजूर होऊन काकांच्याच टेबलावर येतं, म्हणून त्यांचा डेस्कटॉप त्यांना विचारल्याशिवाय साफ केलेला नसावा.