सल काढा, टाळ्या नंतर

पुण्यातल्या एका डेव्हलपर परिषदेत 'उत्तम प्रोग्रॅमिंग' या विषयावर बोलून आलो. गळ्यात 'वक्ता' लिहिलेला पट्टा होता. दुसऱ्यांना शिकवायला तेवढी पात्रता पुरते. 40 स्लाइड दाखवल्या: नावं अर्थपूर्ण ठेवा, फंक्शन लहान ठेवा, मेलेला कोड काढून टाका. टाळ्या पडल्या. सोमवारी टाळ्या वाजवणाऱ्यांनी जुनाच कोड कॉपी करून चिकटवला. मीही.

सुटीत काटोलला गेलो. काकाजी संत्र्याची सल काढत होते. सल म्हणजे वाळकी फांदी; ती थोड्या हिरव्या भागासकट कापायची, कापल्या जागी बोर्डो मलम लावायचं, कात्री औषधात बुडवायची, मगच पुढचं झाड.

"तू काय सांगून आला रे तिथं?"

"मेलेलं काढून टाका म्हणून."

"एवढ्यासाठी पुण्याले काहून गेला मंग?"

एवढ्यासाठी लांब जायची आमची रीत जुनीच. सॉफ्टवेअरच्या दुरवस्थेवर खल करायला जाणकार मंडळी 1968 साली जर्मनीतल्या गार्मिशला जमली होती. 1972 साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी प्रोग्रॅमरला नम्र राहायला सांगितलं. तेव्हापासून परिषदा भरपूर वाढल्या. नम्रतेची स्लाइड तेवढी वेळेअभावी गळते. सुधारणेचा आपला बहार नेहमी असाच: फुलोरा व्यासपीठावर, फळ पुढच्या वर्षी.

पुढचं निमंत्रण आलंय. विषय तोच, स्लाइडही त्याच. काकाजींना कुणी बोलावलेलं नाही. त्यांच्या बागेत वाळकी फांदी एकही उरलेली नाही.