निवृत्तीची नोकरी

पेन्शन सुरू झाली की मराठी माणूस गावाकडे घर तरी बांधतो, नाहीतर भाऊबंदांशी जमिनीवरून कोर्टात तरी जातो. मला घर बांधायला जमीन नाही आणि भांडायला भाऊ नाही, म्हणून उरलेलं आयुष्य बँकॉकमध्ये काढता येईल का, ते बघायला आम्ही दोघं निघालो. "तुम्ही शहर बघा, मी दुकानं बघते," असं सौ.नं विमानातच सांगून टाकलं.

थायलंडचं सरकार या बाबतीत उदार आहे. वयाच्या ५० व्या वर्षी तिथं परदेशी माणूस निवृत्तीला लायक ठरतो. तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे किंवा दरमहा ६५ हजार बाटांचं उत्पन्न दाखवायचं, आणि कामधंदा अजिबात करायचा नाही. "ही शेवटची अट तुम्ही नोकरीत असल्यापासून पाळताय," सौ. म्हणाली.

८ लाख बाट म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. मुक्कामाची मुदत वाढवून घेण्याआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. एरवीही शिल्लक निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. थोडक्यात, निवांत पडून राहायचं ते पैशांनी. आपण दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं, की बाबांनो, मी अजून त्याच पत्त्यावर आहे. आपल्याकडे नोव्हेंबरात एकदा हयातीचा दाखला दिला की सरकार वर्षभर निर्धास्त! मधेच नातवाच्या मुंजीला पुण्याला यायचं झालं, तर परत शिरायचा परवाना निघण्याआधीच काढायचा. तो राहिला, की मुक्कामाची मुदतही गेली. त्यात तिथलं साल बौद्ध गणनेचं, आपल्या ५४३ वर्षं पुढचं. आपण २०२५ म्हणतो, ते २५६८. "मग ठेवीवर व्याज कुठल्या सालापासून धरतात?" हा सौ.चा प्रश्न मला कुणालाच विचारता आला नाही.

शहर मात्र झकास. सेन सेप कालव्यातल्या बोटीत बसलो. ही बोट धक्क्याला जेमतेम टेकते. उडी मारायची ती तेवढ्यात. डोक्यावर हेल्मेट घातलेली कंडक्टरबाई बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं फाडते. समोरून दुसरी बोट आली की काळं पाणी उसळतं, तेव्हा कडेला बसलेल्यानं दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घ्यायचा. दोरी माझ्या हाती आली. शेजारच्या आजींनी हनुवटीनंच ‘अजून वर’ अशी खूण केली. उभ्या नोकरीत इतकं जबाबदारीचं काम मला कुणी दिलं नव्हतं. ते ‘कामधंद्या’त मोडतं की काय, या भीतीनं पुढच्या धक्क्यावर उतरलो.

संध्याकाळी लुम्फिनी बागेत गेलो. सहाला राष्ट्रगीत लागतं आणि धावणारे, चालणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात. मला वेगळं काही करावं लागलं नाही, सौ.च्या मते मी आधीपासून उभाच होतो. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी पसरलेल्या होत्या. पत्ता तोच, ठेव शून्य, आणि इमिग्रेशनला कळवणं नाही. त्या बागेत खरं निवृत्त असं तेवढंच कोणी दिसलं.

जेवणाचीही सोय आहे. साध्या भाजीतही माशाचा रस पडतो खरा, पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसलं की बेलाशक बसावं. त्या जेवणात मांसमच्छी नसतेच, कांदा-लसूणही नसतो. म्हणजे बारमाही चातुर्मास.

तेव्हा माझं मत असं: ज्यांना निवृत्तीनंतर फायली, मुदती आणि शिक्क्यांवाचून करमत नाही, त्यांनी बँकॉकला जरूर जावं. मला आराम हवा आहे, मी पुण्यातच राहीन. जाणाऱ्यांनी पासपोर्टच्या प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही मात्र करून न्यावी. तिथं तीही लागते.