अनावृत पत्र, पण पूर्ण बाह्यांचे

प्रति,
श्री. सूर्यनारायण,
सध्या मुक्काम रोहिणी नक्षत्र.

विषय : अर्जदारास वर्षातून दोनदा बेपत्ता करण्याबाबत.

महोदय,

अर्जदाराचे नाव सावली, राहणार भंडारा, व्यवसाय माणसांच्या मागेपुढे फिरणे. भंडारा शहर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर वसले आहे. त्यामुळे 26 मेच्या आसपास, नवतपा नुकता लागलेला असताना, दुपारी बारा वाजून आठ-दहा मिनिटांनी आपण बरोबर डोक्यावर येता आणि विजेच्या खांबाची, बसस्टँडवरच्या प्रवाशाची सावली त्यांच्याच बुडाशी गुडूप होते. हाच प्रकार पुन्हा 17 जुलैच्या सुमारास, ऐन रोवणीत घडतो. तेव्हा आभाळ भरलेले असते म्हणून बोभाटा होत नाही, एवढेच.

तसे पाहता नाते घरचे आहे. आपले तेज सोसवेना म्हणून संज्ञादेवी निघून गेल्या आणि जाताना स्वतःच्या जागी छायेला ठेवून गेल्या, ही हकिगत पुराणांत नमूद आहे. पुढे सासरेबुवा विश्वकर्मा यांनी मध्यस्थी करून आपल्या तेजाचा आठवा हिस्सा तासून काढला. उरलेले सातही हिस्से मे महिन्यात थेट भंडारा जिल्ह्याकडे वळते होतात, असा अर्जदाराचा संशय आहे.

जिल्ह्याची माणसे भोळी नाहीत. पारा पंचेचाळिशीकडे सरकला की घरोघर कैरीचे पन्हे होते, कूलरला वाळ्याच्या ताट्या लागतात, खिशात कांदा जातो आणि डोक्याला दुपट्टा बसतो. स्कूटीवरच्या मुली तर सनकोट, हातमोजे आणि स्कार्फ अशा थाटात निघतात की सख्ख्या आईलाही गाडीच्या नंबरवरून ओळख पटवावी लागते. त्यांना हसणारे काका मात्र अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर दुपारी बाराला दळण आणायला जातात.

पण हा सगळा बंदोबस्त उष्णतेचा. आपले खरे काम उष्णतेच्या आडून चालते. 1801 साली योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाशाचे रंग वेगळे करून सिल्व्हर क्लोराइडवर पाडले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ते सर्वांत जास्त काळे पडले. तेच हे अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांची धगही जाणवत नाही, त्यामुळे कोणी त्यांच्या नावाने कांदा बाळगत नाही. उन्हाचा कडाका तीनच्या सुमारास टिपेला जातो, अतिनील किरणांचा मारा मात्र सव्वाबाराच्या आगेमागेच टिपेला जाऊन आलेला असतो. म्हणजे लोक दार लावून घेतात तोवर चोर निम्मे काम उरकून गेलेला.

ही चोरी पकडायला थर्मामीटर कुचकामी आहे. साधन अर्जदार स्वतःच आहे. सावली माणसाच्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत, असे समजून आडोसा धरावा, हा जगभर सांगितला जाणारा ठोकताळा. आता भंडाऱ्याचा हिशेब पाहा. 22 डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, भरदुपारी येथे सावलीची लांबी जेमतेम माणसाच्या उंचीएवढी भरते. हिवाळ्यात शेंगा फोडत पाठ शेकणाऱ्या मंडळींना हे सांगून पाहिले, पण स्वेटर घातलेल्या माणसाला ऊन लागू शकते यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आपल्या कारभारातली सर्वांत गमतीची बाब म्हणजे औषध आणि अपाय एकाच खिडकीवर, एकाच वेळी मिळतात. ज्या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, त्यांनीच ती करपते. तान्ह्या बाळाला तेल लावून ज्या कोवळ्या उन्हात निजवतात, त्यात हे किरण अगदीच थोडे असतात. ते भरपूर हवेत तर सावली आखूड होईपर्यंत थांबायचे, आणि तेव्हा फार वेळ थांबायचे नाही. शिवाय ठरावीक मर्यादेनंतर कितीही वेळ उन्हात बसले तरी जीवनसत्त्व वाढत नाही, वाढते ते फक्त नुकसान. वाटपही आपण काय केले आहे! तुमसर तालुक्यात चिखल्याच्या भूमिगत मँगनीज खाणीत उतरलेल्या कामगाराला पाळीभर आपले दर्शन नाही, आणि त्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत दुसऱ्यावर ते दिवसभर ओतलेले.

गोऱ्यांच्या मानाने सावळ्या कातडीला कर्करोगाचा धोका बराच कमी, हे अर्जदार प्रामाणिकपणे मान्य करते. त्या कातडीतल्या रंगद्रव्याने आपल्याशी जुना करार केलेला आहे. परंतु त्या करारात डोळ्यांचा मोतीबिंदू, गालांवरचे वांग आणि अकाली सुरकुत्या येत नाहीत. खिडकीची काचही पुरी भरवशाची नाही, ती यातले काही किरण अडवते आणि काही सोडून देते. 2012 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाचे छायाचित्र छापून आले. खिडकीकडचा डावा गाल आजोबाचा, उजवा त्याच्या धाकट्या भावाचा! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते, तेव्हा आपण उजव्या गालावर मेहनत घेत असाल.

पाण्याचा भरवसा तर मुळीच नको. हा तलावांचा जिल्हा. मेमध्ये पोरे दुपारभर पाण्यात डुंबतात, अंग गार राहते आणि आयांनाही बरे वाटते. मात्र स्वच्छ पाण्यात अर्धा मीटर खोल गेले तरी पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे 40 टक्के तिथवर पोचतात. पातळ ढग तर त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत खाली येऊ देतात.

आता जुलैतल्या त्या रोवणीकडे, भाताच्या बांधीत यावे. आठ-दहा बाया ओळीने वाकून पऱ्हे रोवत आहेत. पाठ आभाळाकडे, तोंड चिखलाकडे. प्रत्येकीने लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट चढवलेला आहे: बाह्या मनगटापर्यंत, कॉलर उभी, वरची गुंडी गायब. एकीच्या खिशात अजून पोराच्या शाळेची चिठ्ठी आहे, धुतली जाऊन लगदा झालेली. या शर्टाला एसपीएफचा आकडा छापलेला नाही. बाजारातले 30 एसपीएफचे मलम जवळजवळ 97 टक्के किरण अडवते म्हणतात, पण त्यासाठी तोंडा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढे फासावे लागते आणि दर दोन तासांनी पुन्हा. चिखलाने कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी ते कसे लावायचे, हे नळीवर छापलेले नसते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा शर्ट दिवसभर टिकतो. मात्र तो कोरडा असेपर्यंतच त्याचा पूर्ण भरवसा. ओले, पातळ, पांढरे कापड बरेच काही आत येऊ देते. म्हणून दुपारची भाकर सोडताना धुऱ्यावर टाकायला दुसरा शर्ट असला, तर आपली पंचाईत होईल.

2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, विसाव्याची वेळ आणि लहान मुलांसाठी सावली या सोयी लिहून दिल्या. स्वतःचे नाव सरकारी कायद्यात आलेले वाचून अर्जदाराला गहिवरून आले. तिने अनेक ठिकाणी स्वतःला शोधूनही पाहिले.

आपण वेळापत्रक बदलणार नाही, याची अर्जदाराला कल्पना आहे. तरी येत्या 17 जुलैला बारा वाजून सतरा मिनिटांनी अर्जदार त्या बांधीत कोणाच्याही उपयोगी पडू शकणार नाही, याची लेखी नोंद घ्यावी. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी बदली कर्मचारी म्हणून धुऱ्यावरचे मोहाचे झाड नेमले आहे. बाया तिथे भाकरी सोडतील.

आपली आज्ञाधारक,
सावली

सोबत : जुना शर्ट, नग 2 (एक अंगावर, एक वाळत).
प्रत माहितीसाठी : श्री. विश्वकर्मा. हत्यारे परजून ठेवावीत, ही विनंती.