मला कुठे राग आलाय?

प्रौढ माणसाला राग येत नाही, ॲसिडिटी होते. एवढं तत्त्व मान्य केलं की पुढचं शिक्षण सोपं.

समजा, चुलत बहिणीचं केळवण मोठ्या काकूंनी ठेवलं आणि तारीख तुम्हाला न विचारता ठरवली. नेमका तुमच्या नाइट शिफ्टचा दिवस. नवखा माणूस इथे "मला वाईट वाटलं" म्हणून मोकळा होतो. तुम्ही तसं करायचं नाही. फॅमिली ग्रुपवर नुसता अंगठा टाकायचा, तोही बाकी सगळ्यांचं 'येतोय, येतोय' करून झाल्यावर. काकूंचा फोन येतोच.

"रागावलास का रे?"

"छे! मला कुठे राग आलाय? माझं काही म्हणणंच नाही. तुमचं चालू द्या."

मग ओट्याकडे वळावं. चहाचं पातेलं स्टीलचं असावं. नॉनस्टिकला आवाज नाही, शिवाय कोटिंग जातं ते वेगळंच. कुकरचं झाकण सरावलेल्यांनीच हाताळावं. आतून "काय पडलं?" असं बायकोने विचारलं की "काही नाही" एवढंच म्हणून दुसरं पातेलं घ्यावं.

आपटल्याने रागाचा निचरा होतो, असं काही लोक सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. सर्वांत जास्त राग शिल्लक राहिला तो ठोसे मारणाऱ्यांचा. म्हणजे काकूंना मनात आणून रोज दोन भांडी आपटली, तर राग केळवणापर्यंत आरामात टिकतो. फ्रिज लागत नाही.

जपायचं ते भावनेचं नाव घेण्यापासून. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं, तर रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होत होती. तेव्हा "मला विचारलं नाही, म्हणून लागलं" असली वाक्यं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नयेत. विचारलंच कोणी, तर सरळ हवामानावर यावं. ऑक्टोबरचा उकाडा बारा महिने चालतो.

एवढं करूनही काकू कधीकधी घात करतात. "चुकलंच माझं, आधी तुला विचारायला हवं होतं. रविवारी ठेवू या का?" अशा वेळी "माझ्यासाठी कशाला उगाच?" हे निदान दोनदा म्हणावं. तिसऱ्यांदा म्हणू नये, काकू खरं धरतील.

रविवारी जावं लागतंच. पानावर बसल्यावर चेहरा जरा ओढलेला ठेवावा आणि मसालेभात दुसऱ्यांदा मागू नये. काकूंनी आपणहून वाढला, तर मात्र वर थोडं तूप चालेल.