दंड एक रुपया

राधानगरीत पाऊस आणि सल्ला या दोन गोष्टी मागाव्या लागत नाहीत. धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित, पाणी 347.50 फुटांवर गेलं की आपोआप उघडतात. सल्ला देणाऱ्यांना तेवढीही पातळी लागत नाही. एसटी स्टँडवर पोराला कडेवर घेऊन उभं राहा. शेजारची अनोळखी मावशी गाल ओढून म्हणणारच, "हाडं दिसाय लागल्यात की ओ! म्हशीचं दूध चालू करा." तिच्या पलीकडचे काका गाईच्या दुधाचे. दोघांची जुंपते, तेवढ्यात एसटी येते, आणि दुधाचा निकाल न लागताच आपण खिडकी पकडतो.

आमची पोरगी जन्मली तेव्हा घरात पाटगावचा मध येऊन पडलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं : सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वर्ष होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. आईनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तुला चाटवला होता. जगलासच की!" या युक्तिवादापुढं वैद्यकशास्त्र हात टेकतं. शेवटी मधाची बाटली बायकोनं स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली.

पोरगी तिसरीत गेली आणि सल्ल्याचा ओघ उलटा फिरला. कारण शाहू महाराज. 1917 साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला. हे तिला शाळेत कळलं. ज्या राजानं आपल्या लेकीचं, राधाबाईंचं, नाव या गावाला दिलं, त्याचा कायदा या गावात पाळलाच पाहिजे, असं तिनं ठरवलं. फक्त गुन्हा बदलला : पोरांना सांगायचं एक आणि स्वतः करायचं दुसरं. चहापावडरीचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, आणि कोर्ट बसलं.

पहिले आरोपी आमचे अण्णा. नातीला दात कसे घासायचे ते दाखवताना तोंडात तंबाखूचा बार. एक रुपया. मग माझी बहीण. भाचीला खरं बोलण्यावर गोष्ट सांगता सांगता फोन वाजला. "भिशीवाली हाय. आत्या घरात नाही म्हणून सांग." एक रुपया, आणि भिशीवालीला खरं सांगितलं ते वेगळंच. आई जरा मुरलेली. तिनं ताटात नाचणीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली, पालेभाजीनं रक्त वाढतं हे सांगितलं, आणि स्वतः पदराआड पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं. पदर आवाज झाकत नाही. "आज्जी, रुपाया!"

मे अखेरीला काजवे बघायला गेलो. वळवाचा एखादा पाऊस झाला की इथली झाडं अंधारात एका लयीत लुकलुकायला लागतात. पर्यटकांच्या गाड्या ओळीनं लागलेल्या, हेडलाइट चालू, मोबाइलचे फ्लॅश चालू. पोरगी एका जाडजूड पाहुण्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, लाइट बंद करा. ते एकमेकांना बोलवालेत. तुमच्या लाइटात त्यांना दिसत नाही." बरोबरच होतं, नर उजेडानंच मादीला साद घालतो. काकांनी विचारलं, "कुणी शिकवलं हे?" मी श्रेय घ्यायला पुढं सरकलो. ती म्हणाली, "कुणी नाही. मी बघितलं." काकांनी लाइट घालवला. रुपया मात्र दिला नाही, पुण्याचे असावेत.

पालकत्वावरची पुस्तकं बायकोनं दोन-तीन आणली आहेत, जाड आहेत. मुलं ऐकत नाहीत, बघतात, हे त्यांत कुठंतरी असणारच. डबा पुस्तकांपेक्षा स्वस्त पडतो, आणि अण्णांची तंबाखू निम्म्यावर आली आहे. सुटी आणि नाणी दोन्ही असतील तर तुम्हीही करून बघा.

आता डबा जड झालाय. त्यात पोरीचा स्वतःचा रुपया एकही नाही. तक्रार करायची सोय नाही. महाराजांच्या कायद्यातही दंड पोरांना नव्हताच.