अडीच मिनिटांची नळी

बीड जिल्ह्यातील मनुष्यास नळीविषयी उपदेश करू धजणारा इसम अद्याप जन्मास यावयाचा आहे. ठिबकची नळी कोठे तुंबेल, विहिरीवरील मोटार हवा का धरते, फूटवॉल्व्ह कोणत्या प्रहरी दगा देईल, याचे ज्ञान येथे अक्षरओळखीच्या आधीच प्राप्त होते. कारण ज्या मुलखात टँकरच्या खेपा मोजण्यात उन्हाळा सरतो, तेथे घराची अब्रू नळीवर अवलंबून असते.

सिंदफणेवरील माजलगावचे धरण १९८७ साली पुरे झाले, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात येऊ लागले, आणि पिण्याच्या पाण्याची विवंचना असलेल्या या प्रदेशात पाण्यावर तरंगण्याचीही सोय झाली. तथापि तरंगण्याचा शिरस्ता एका पिढीत पडत नाही. आमच्या मच्छीमार संस्थेने, जिची चिटणिशी माझ्या गळ्यात पडली आहे, एक जुनी मोटारबोट खरेदी केली व तिची पेट्रोलची नळी तडकलेली आढळली, तेव्हा ही उणीव प्रकट झाली, आणि पाण्याच्या नळीचे पंडित पेट्रोलच्या नळीसही पाण्याचाच न्याय लावू लागले.

१९४८ साली निजामी अमदानी संपली, तरी तिच्या दप्तराची कागदाची भूक आम्ही इमानाने जतन केली असल्यामुळे, तीन दरपत्रकांवाचून आमच्याकडे हातभर नळीही येत नाही. पहिले दरपत्रक बागेस पाणी घालण्याच्या हिरव्या नळीचे होते, दुसरे गवंड्याच्या लेव्हल पाईपचे, आणि तिसरे मुंबईहून मागवावयाच्या जहाजी नळीचे, ज्यावरील आकडा खजिनदारांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. लेव्हल पाईपचा कैवार घेऊन एक ज्येष्ठ सभासद उठले. "साहेब, पेट्रोल चाललेलं डोळ्यानं दिसू लालंय, अजून काय पाहिजे? समदा कारभार पारदर्शक!" सहकारी संस्थेत पारदर्शक कारभाराची मागणी प्रथमच झाल्याने सभा क्षणभर स्तब्ध झाली.

मी खुलासा केला की, प्लॅस्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य पेट्रोल हळूहळू हरण करते, मग नळी पिवळी पडते, ताठर होते आणि नेमकी वळणावर तडकते. पाण्याची नळी गळली तर पाणी जाते. पेट्रोलची गळली तर माणूस जातो. मोटारसायकलचे गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते व त्याची वाफ वाऱ्यावर उधळते. बोटीचा घाट मात्र बाहेरचे पाणी आत न येऊ देण्याचा असल्यामुळे आतलेही काही बाहेर जात नाही, आणि हवेहून जड असलेली ती वाफ तळाशी ठाण मांडून बसते. शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही ठिणगीने पेटणाऱ्या या द्रवास, पारा शून्याच्या वर चाळिशी ओलांडत असता वैशाखातील माजलगावात आणखी कोणत्या निमित्ताची गरज असावी?

त्या महागड्या नळीवर 'आयएसओ ७८४०' आणि 'ए१' अशा मुद्रा होत्या. पहिलीचा आशय असा की, नळी ज्वाळेत अडीच मिनिटे तग धरते. दुसरीचा असा की, तिच्या अंगातून झिरपणारे इंधन दर चौरस मीटरास दिवसाकाठी १०० ग्रॅमांपलीकडे जात नाही. अडीच मिनिटांच्या अवधीत आमच्या कार्यालयाची किल्लीसुद्धा सापडत नाही, असा आक्षेप निघाला. अडीच मिनिटांत टाकीजवळचा कॉक बंद करून पाण्यात उडी टाकता येते, हे मी निदर्शनास आणताच, पोहता न येणाऱ्या पंचांचा विरोध अधिकच कडवा झाला. परंतु मच्छीमारांच्या संस्थेत पोहणाऱ्यांचे बहुमत असते, म्हणून ठराव मंजूर झाला.

बसविण्याची कामगिरी पंपाच्या मिस्त्रीकडे गेली. घरावरच्या टाकीप्रमाणे नळी बुडातून काढण्याची त्याची तजवीज होती. नळी टाकीच्या माथ्यातून काढून वरूनच न्यावी, अन्यथा ती तुटताच सारी टाकी बोटीत रिती होईल, ही गोष्ट त्यास पटविण्यात दुपार गेली. तापलेल्या धुराड्यापासून तिला दूर ठेवणे, पत्र्याच्या भोकाच्या धारेवर रबर बसविणे, इंजिनाच्या थरथरीसाठी थोडी ढील सोडणे, हे सोपस्कार त्याने माझ्या समाधानासाठी उरकले. क्लिपांच्या बाबतीत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्क्रूने आवळावयाच्या या क्लिपेचे पेटंट १९२१ साली ब्रिटिश आरमारातील कमांडर लम्ली रॉबिन्सन याने घेतले. म्हणजे दर्यावर्दीची ही वस्तू आमच्या कोरडवाहू मुलखात पंपांवर दीर्घ उमेदवारी करून अखेर बोटीवर रुजू झाली. सांध्यांना साबणाचा फेस लावून, नळीत हवा भरून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही.

वर्षाअखेर लेखापरीक्षकांचा शेरा आला: 'नळीवरील जादा खर्च अनाठायी दिसतो, सदर नळीमुळे टळलेल्या आगींचा तपशील पंचनाम्यासह सादर करावा.' जळालेल्या बोटीचा पंचनामा करावयास तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सारी यंत्रणा सिद्ध असते. न जळालेल्या बोटीसाठी मात्र कोणत्याही दप्तरात नमुना नाही. सबब मी लिहिले की, आगींचा तपशील निरंक असून तोच खर्चाचा पुरावा समजण्यात यावा. हा खुलासा अमान्य झाला. प्रत्यक्ष पाहणीसाठी साहेब धरणात फेरी मारतील, असा हुकूम आला. आणि त्याच कागदाच्या तळाशी, बोटीस नळी कोणत्या दर्जाची बसविली आहे याची हमी त्यांनी आगाऊ व लेखी मागितली होती.