फेरफार क्रमांक एक

तीस वर्षं मी जिंतूर तालुक्यात तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मी निवृत्त झालो आणि नाव भारदस्त झालं. समोर बसलेल्या प्रत्येकाला मी एकच सुनावायचो: रान जागेवर असून भागत नाही, नोंद जागेवर पाहिजे. बापानं वाटणी करून दिली, पोरानं पेरलंही, तरी गाव नमुना 6 मध्ये फेरफार पडल्याशिवाय सातबारा हलत नाही.

निवृत्तीनंतर कॅमेऱ्याचा नाद लागला. चारठाण्याची जुनी मंदिरं, येलदरीचे दरवाजे उघडल्यावरचं पाणी, गंगाखेडचा गोदाकाठ, परभणीचा उरूस. बघता बघता अकरा हजार फोटो झाले. पुतण्यानं लाइटरूम नावाचं फोटोंचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. एकेका फोटोला चांदण्या, गावाचं नाव, उजेडाची दुरुस्ती, असं माझं दप्तर चोख होतं.

मग लॅपटॉप भरला. एका दुपारी मी सगळे फोल्डर कट करून नव्या हार्ड डिस्कवर पेस्ट केले. लाइटरूम उघडलं, तर डावीकडे प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह. चारठाणा? येलदरी? गंगाखेड? मला वाटलं, मयत खातेदार दिसतायत, नावं कमी करू. राइट क्लिक केलं, ‘रिमूव्ह’ आलं. सोबत खुलासाही होता की डिस्कवरचे फोटो जाणार नाहीत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत बटण दाबलं. मी आधीच परभणी जिल्ह्यात; आणखी कुठं जाणार होतो?

फोटो नव्या जागेवरून पुन्हा आत घेतले. अकरा हजारच्या अकरा हजार आले आणि सगळे कोरे. चांदण्या निरंक, गावं निरंक, दुरुस्त्या निरंक.

शेजारचा कॉलेजातला पोरगा आला. म्हणाला, “काका, रिमूव्ह कामून दाबलं? फोटो लाइटरूमच्या आत नसतातच. त्याच्याकडं फक्त कॅटलॉग असतो. फोटो कुठं ठेवलाय अन् त्याचं काय काय केलंय, एवढी नोंद. फोल्डर लाइटरूममधूनच ओढून न्यायचं. बाहेरून हलवलं, तर प्रश्नचिन्हावर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ म्हणायचं अन् नवी जागा दाखवायची. झालं.”

“म्हणजे फेरफार,” मी पुटपुटलो. जमीन शाबूत होती. दप्तर मी स्वतःच्या हातानं जाळलं होतं.

“बॅकअप?” त्यानं विचारलं. बंद करताना लाइटरूम दर आठवड्याला विचारायचं आणि मी दर आठवड्याला ‘नंतर’ म्हणायचो. ते वाक्य मला कचेरीतच पाठ झालं होतं. पण दिवाळीत नातवानं खेळता खेळता एकदा ‘हो’ दाबलं होतं. तो जुना कॅटलॉग उघडला आणि सगळी प्रश्नचिन्हं परत आली. एवढा आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता. एकेका फोल्डरला नवी जागा दाखवत गेलो, चांदण्या उगवत गेल्या. फेब्रुवारीतला उरूस तेवढा कोराच राहिला.

हे सगळं बघून बायको म्हणाली, “लोकांना हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस काढत होतात. घरात पंधरा मिनिटं आधी सांगायचं होतं.”

आता टेबलावर एक वही आहे. फेरफार क्रमांक 1: फोटो, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर. हरकतीचा रकाना तिनं स्वतः भरलाय. पान पुरलं नाही; पुरवणी जोडली आहे.